मधलं पान वाच, मग ठरव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून राहवलं नाही. कादंबरी नावाजलेल्या लेखकाची, पण प्रत जुनी, पेपरबॅक, पानं पिवळी, समासात कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणा. घ्यावी की नव्या प्रतीसाठी थांबावं? अरे, थांबतोस कशाला? पुस्तक मध्यावर उघड आणि दोन पानं उभ्या उभ्या वाच. पहिल्या पानावर लेखकाने जीव ओतलेला असतो, मलपृष्ठावर प्रकाशकाने. मुखपृष्ठावर पुरस्काराचा शिक्काही असेल. लेखकाचा खरा कस लागतो मधल्या पानावर.

पिवळेपणाला काय घाबरायचं! स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य उरलेलं असतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, एवढंच. बांधणी बघ. पेपरबॅकची पानं बहुधा शिवलेली नसतात, गोंदाने चिकटवलेली असतात. गोंद वाळला की गठ्ठेच्या गठ्ठे निखळतात. म्हणून पृष्ठक्रमांक शेवटपर्यंत चाळ. कुबट वास येत असेल तर मात्र ठेवून दे, बुरशी शेजारच्या पुस्तकांनाही लागते. ‘संक्षिप्त’ हा शब्द बारीक टायपात कुठे दडलाय का, तेही पाहा. अनुवाद असेल आणि अनुवादकाचं नाव नसेल, तर मी ती प्रत घेत नाही. आवृत्ती पहिली की दहावी, हा संग्राहकांचा प्रश्न. तू वाचक आहेस. मधलं पान वाच.

खुणांचं म्हणशील, तर माझ्याकडच्या एका प्रतीत त्या साठाव्या पानापर्यंत होत्या, पुढे सगळं कोरं. आधीच्या वाचकाने तिथेच सोडलं असणार. मी एकसष्टावं पान वाचलं आणि पुस्तक घेतलं.

घरात फाटकी पुस्तकं भरलीत, असं मला ऐकवतात. भरलीत! पण वाचलेली आहेत. चांगली प्रत मिळेल म्हणून विशीत ज्या कादंबऱ्या लांबणीवर टाकल्या, त्या चाळिशीत वाचल्या. त्यातल्या तरुण नायकाशी तावातावाने भांडायचं वय तोवर निघून गेलं होतं. ती हळहळ अजून जात नाही, म्हणून तुझ्यामागे लागलोय.

जुनी प्रत घेतली तर लेखकाला काही मिळत नाही, ही तुझी टोचणी खरी आहे. ही आवडली तर त्याची पुढची कादंबरी नवी घे. पण ही प्रत आज कुणी उचलली तर? जा आधी. मधलं पान वाच, आणि काय वाचलंस ते मला कळव.