कातडी सरकवायची घाई कुणाला?

प्रश्न : माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. त्याच्या शूच्या जागेची कातडी मागे सरकत नाही. शू करताना टोक फुग्यासारखं फुगतं, मग धार येते. ‘रोज आंघोळीत थोडी थोडी मागे ओढ, नाहीतर पुढे ऑपरेशन करावं लागेल,’ असं सासूबाई म्हणाल्या म्हणून आठ दिवस ओढून पाहिली. आता तो न्हाणीघराच्या दारातच रडायला लागतो. परवा कातडीखाली टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठी पांढरी गाठ दिसली. पू झाला असेल का?
— एक आई

उत्तर : ओढणं आजपासून बंद. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

जन्मतः ही कातडी आतल्या बोंडाला, म्हणजे शूच्या जागेच्या टोकाला, चिकटलेलीच असते. तो दोष नाही, घडणच तशी आहे. मांजरीच्या पिल्लाचे डोळे मिटलेले असतात म्हणून कुणी त्याच्या पापण्या ओढत बसत नाही, इथंही तसंच. कातडी हळूहळू, आपली आपण सुटत जाते. कुणाची दोन-तीन वर्षांत सुटते, कुणाची वयात येताना. याकोब ओस्टर या डॅनिश डॉक्टरांनी शाळकरी मुलांना तपासून १९६८ साली आकडे मांडले. सहा-सात वर्षांच्या शंभर मुलांपैकी ६३ जणांची कातडी अजून कुठे ना कुठे चिकटलेली होती. सोळा-सतराव्या वर्षी अशी मुलं उरली शंभरात ३. तुमचा तर अजून सव्वातीनचा!

शू करताना फुगतं, कारण कातडी आतून सुटायला लागली आहे पण तोंड अजून अरुंद आहे. धार नीट येते, तो कुंथत नाही, रडत नाही, तर तिकडे लक्ष देऊ नका. ती पांढरी गाठही पू नाही. कातडी सुटताना झडलेल्या पेशी आत साठून तिचा मऊ गोळा होतो. वाट मोकळी झाली की एक दिवस आपोआप बाहेर पडेल. पिळू नका. पू असता तर लाली, सूज, ठणका असं काहीतरी सोबत असतं.

आता माझी एक चूक सांगतो. मी शिकाऊ होतो तेव्हा आम्हीही ओढायचो. ‘मोकळी करणं’ म्हणायचो त्याला. अडीच वर्षांचं एक पोर होतं. आईनं हात धरले, मी एका झटक्यात कातडी मागे नेली. कापसाच्या बोळ्यावर रक्त आलं, मी मलम लावलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. वर्षभरानं ते पोर परत आलं तेव्हा कातडीच्या तोंडाशी पांढरट, निबर कडं झालं होतं. चिरा भरताना वण धरला होता. शेवटी त्याची सुंता करावी लागली. नसलेला आजार मी त्याला दिला होता.

म्हणून स्वच्छतेचा नियम अगदी छोटा : बोट धुतो तसं बाहेरून पाण्यानं धुवायचं. आत साबण नको, कापसाची काडी नको, जंतुनाशक तर नकोच. तपासताना डॉक्टर जोर लावायला लागले तर त्यांनाही थांबवा. कातडी मागे न्यायचा पहिला मान त्या मुलाचा. मुलं तिथं हात लावून ओढाताण करत असतातच, रागावू नका. दुखेल तिथं ती आपणच थांबतात. सहज सरकायला लागली की त्याला शिकवा : मागे, पाणी, पुन्हा पुढे.

‘पुन्हा पुढे’ विसरायचं नाही. कातडी मागेच अडकून बोंड सुजलं, तर सकाळची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठायचं.

डॉक्टरांना दाखवायची वेळ कधी? धार थेंब थेंब येते, शू करताना तो कळवळतो, टोक लालभडक सुजून पू येतो, लघवीच्या जंतुसंसर्गाचा ताप येतो, तोंडाशी तसं पांढरं निबर कडं दिसतं किंवा आधी सरकणारी कातडी सरकेनाशी होते, तेव्हा. तरीही बहुतेकदा सुरुवात काही आठवडे स्टेरॉइडच्या मलमानं होते, तेही डॉक्टर सांगतील तसंच. ऑपरेशनचा विचार नंतरचा.

आठ दिवसांत जे खरचटलं असेल ते बहुधा भरून येईल. चुरचुरत असेल तर बाहेरून साधी पेट्रोलियम जेली पुसटशी लावा. रक्त किंवा सूज दिसली तर मात्र दाखवून घ्या. सासूबाईंवर चिडू नका. त्यांना हे माझ्यासारख्याच कुणा डॉक्टरनं सांगितलं असणार. आणि आंघोळीची भीती जाईपर्यंत पाण्याचा मग त्याच्याच हातात द्या. ती जागा त्याची त्यालाच धुऊ दे, तुम्ही नुसत्या पाठीवर पाणी घाला.