वाचकांचे प्रश्न : ‘एडगर’मधून कंपन्यांची कागदपत्रे काढताना

अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे, म्हणजे ‘सेक’कडे, जे अहवाल भरतात ते ‘एडगर’ या यंत्रणेत कुणालाही फुकट पाहता येतात. प्रोग्राम लिहून ते काढणाऱ्यांकडून आलेले हे काही प्रश्न.

प्रश्न : पायथनमधून सेकच्या साइटवरचे पान मागवले की ४०३ (प्रवेश नाकारला) येतो. तेच पान ब्राउझरमध्ये मात्र उघडते. एपीआय की (प्रोग्रामला माहिती मागण्यासाठी लागणारा परवान्याचा क्रमांक) घ्यावी लागते का?

उत्तर : की नाही, नोंदणी नाही, पैसेही नाहीत. लागते ती ओळख. प्रत्येक विनंतीबरोबर जाणाऱ्या यूजर-एजंट हेडरमध्ये, म्हणजे मागणारा कोण ते सांगणाऱ्या ओळीत, तुमचे किंवा संस्थेचे नाव आणि चालू ई-मेल पत्ता द्या. एडगरटूल्स ही लायब्ररी वापरत असाल, तर हीच माहिती सुरुवातीला तिच्या ‘सेट आयडेंटिटी’ फंक्शनला द्यायची असते.

हेडर बरोबर असूनही अधूनमधून अडत असेल तर वेग तपासा. मर्यादा सेकंदाला १० विनंत्यांची आहे आणि ती प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या थ्रेड्सची मिळून मोजली जाते. ओलांडली की तुमचा आयपी पत्ता काही वेळ बंद होतो. सेकंदाला पाच-सहावर राहिलात तर निवांत काम होते. शेकडो कंपन्या हव्या असतील तर एकेक मागवूच नका. सगळ्या कंपन्यांच्या माहितीच्या झिप फाइल सेक रोज रात्री नव्याने तयार करते, ती एकदाच उतरवून घ्या.

४०४ (पान सापडले नाही) आला तर कारण वेगळे. सेक प्रोग्रामसाठी माहिती ‘जेसन’ या स्वरूपाच्या फाइलमध्ये देते. तिच्या पत्त्यात कंपनीचा सीआयके क्रमांक, म्हणजे सेककडचा ओळख क्रमांक, पूर्ण दहा आकडी लागतो : ॲपलचा ३२०१९३ हा तिथे ००००३२०१९३ असा लिहायचा. क्रमांक एक्सेलमध्ये साठवलेत तर ती सुरुवातीची शून्ये गायब होतात. त्यामुळे तो रकाना मजकूर म्हणून ठेवा.

प्रश्न : इन्फोसिस न्यूयॉर्कच्या बाजारात आहे, पण तिचा १०-के, म्हणजे वार्षिक अहवालाचा फॉर्म, सापडत नाही. टूलमध्ये दोष आहे का?

उत्तर : टूल ठीक आहे, फॉर्म चुकीचा आहे. परदेशी कंपनी म्हणून इन्फोसिस वार्षिक अहवाल २०-एफ वर भरते आणि अधलीमधली माहिती ६-के वर. १०-के, १०-क्यू (तिमाही अहवाल) आणि ८-के (महत्त्वाच्या घडामोडी) हे अमेरिकी कंपन्यांचे फॉर्म. शिवाय तिचे हिशेब आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांप्रमाणे असतात, म्हणून आकडे अमेरिकी मानकांच्या ‘यूएस-गॅप’ या गटात न शोधता ‘आयएफआरएस-फुल’ गटात शोधा. ६-के ला २०-एफ इतकी टॅगची, म्हणजे प्रत्येक आकड्याला संगणकाला वाचता येईल असे ठरलेले नाव लावण्याची, सक्ती नाही. त्यामुळे तिमाही आकडे जेसनमध्ये नसतील, तर ते जोडपत्राच्या मजकुरातूनच काढावे लागतात.

प्रश्न : कंपनीचे टॅग लावलेले आकडे एकत्र देणाऱ्या कंपनी-फॅक्ट्सच्या जेसनमधून एका कंपनीचा दहा-बारा वर्षांचा महसूल काढला. २०१८ च्या आसपास मालिका तुटते, एकाच वर्षासमोर तीन-तीन आकडे येतात आणि चौथी तिमाही तर कुठेच नाही. चूक कुठे होत असावी?

उत्तर : तीन तक्रारी, तीन कारणे.

मालिका तुटते कारण टॅग बदलला. महसुलाची नोंद कशी करायची याचा नवा नियम, एएससी ६०६, १५ डिसेंबर २०१७ नंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून सार्वजनिक कंपन्यांना लागू झाला. त्याआधी अनेक जण ‘सेल्सरेव्हेन्यूनेट’ वापरत. नंतर बरेच जण ‘रेव्हेन्यूफ्रॉमकॉन्ट्रॅक्टविथकस्टमरएक्सक्लुडिंगअसेस्डटॅक्स’वर गेले (हो, एका दमात एवढे लांब), काही साध्या ‘रेव्हेन्यूज’वर. तिन्ही टॅग वाचून मालिका जोडा, पण जोडाच्या जागी मूळ १०-के उघडून आकडा स्वतः पडताळा. काही कंपन्यांनी मागची वर्षे नव्या नियमाने पुन्हा मांडली, काहींनी नाही.

एका वर्षाचे तीन आकडे हा ‘एफवाय’ (आर्थिक वर्ष) रकान्याचा घोळ. हा रकाना अहवाल कोणत्या वर्षाचा ते सांगतो, आकडा कोणत्या वर्षाचा ते नाही. १०-के मध्ये नफा-तोट्याची सहसा तीन वर्षे छापतात. त्या तिन्हींवर एकच ‘एफवाय’ येतो. म्हणून ‘स्टार्ट’ आणि ‘एंड’ तारखांवर भरवसा ठेवा. दोन्हींतले अंतर ३५० ते ३८० दिवस असेल तर वार्षिक, ८० ते १०० असेल तर तिमाही. नेमके ३६५ मागू नका : ॲपलचे वर्ष सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपते आणि २०२३ चे वर्ष ५३ आठवड्यांचे होते. एकाच कालावधीचे दोन वेगळे आकडे आले तर शक्यतो नंतर दाखल झालेला घ्या. मात्र त्या वेळी बाजाराला काय माहीत होते हे तपासायचे असेल, तर पहिलाच आकडा हवा.

चौथ्या तिमाहीचा १०-क्यू नसतोच. वर्षाच्या आकड्यातून नऊ महिन्यांचा वजा करा. रोख प्रवाहाला हीच वजाबाकी दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतही लागते, कारण १०-क्यू मध्ये तो वर्षाच्या सुरुवातीपासूनचा एकत्रित असतो. प्रति शेअर नफ्याला मात्र ही युक्ती लावू नका. प्रत्येक कालावधीची सरासरी शेअरसंख्या वेगळी असते. निव्वळ नफा वजाबाकीने काढून त्याला शेअरसंख्येने भागलेले बरे.

प्रश्न : जुने अहवाल यादीत दिसत नाहीत.

उत्तर : कंपनीने दाखल केलेल्या दस्तऐवजांची यादी देणाऱ्या सबमिशन्सच्या जेसनमधील ‘रीसेंट’ भागात किमान एक वर्षाचे किंवा शेवटचे १,००० दस्तऐवज असतात, यांपैकी जे जास्त असेल ते. मोठ्या बँकांचे हजार दस्तऐवज बघता बघता भरतात. त्यामागचे त्याच उत्तरातल्या ‘फाइल्स’ यादीत नावे दिलेल्या वेगळ्या जेसनमध्ये मिळतात. मजकुरातला शब्द शोधायचा असेल तर पूर्ण-मजकूर शोध २००१ पासूनचेच दाखवतो.

दस्तऐवजाचा दुवा स्वतः बांधत असाल तर एक खड्डा टाळा. प्रत्येक दस्तऐवजाला मिळणाऱ्या ॲक्सेशन क्रमांकाचे पहिले दहा आकडे दस्तऐवज दाखल करणाऱ्याचे असतात, आणि दाखल करणारा पुष्कळदा कंपनी नसून तिने नेमलेला एजंट असतो. दुव्यात आधी कंपनीचा सीआयके, सुरुवातीची शून्ये काढून, आणि मग ॲक्सेशन क्रमांक, मधल्या रेघा काढून.

प्रश्न : निकालामुळे भाव हलला, पण १०-क्यू ची तारीख त्यानंतरची दिसते. असे कसे?

उत्तर : निकालाचे प्रसिद्धिपत्रक सहसा आधीच ८-के च्या कलम २.०२ खाली येते, जोडपत्र ९९.१ म्हणून. तुमच्या अभ्यासाला तीच वेळ हवी. दुसरे म्हणजे, पूर्व अमेरिकी वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचनंतर आलेल्या बहुतेक दस्तऐवजांवर पुढच्या कामाच्या दिवसाची तारीख पडते. तेव्हा दाखल तारखेऐवजी स्वीकृतीची वेळ वाचा.