सीमेवरचं राज्य रचताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

कल्पित राज्याची गोष्ट लिहिणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असं गेल्या वेळी लिहिलं होतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, बैलहोंगल आणि खुद्द बेळगावातून पत्रं आली. बहुतेकांच्या राज्यात सीमेवर कायम लढाई पेटलेली आहे. मला त्याचं नवल वाटलं नाही. आपण ज्या पट्ट्यात वाढलो तिथं रट्ट, गोव्याचे कदंब, यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मराठे, हैदर-टिपू आणि इंग्रज असे सगळे येऊन गेले. इथली मुलं राज्य कल्पायला बसली की त्याला सीमा आधी येते आणि राजधानी नंतर.

खानापूरहून एक विद्यार्थिनी विचारते : माझ्या राज्यात ३०० वर्षं रोज लढाई चालू आहे. मैत्रीण म्हणते, असं राज्य ३ वर्षंही टिकणार नाही. कोणाचं खरं?

मैत्रिणीचं खरं. पण तुमची ३०० वर्षं टाकून देऊ नका, फक्त त्यातलं ‘रोज’ काढा. आपल्याकडे युद्धाला पंचांग होतं. दसऱ्याला शिलंगणाचं सोनं लुटतो त्याला सीमोल्लंघन का म्हणतात, ते आठवा. पाऊस सरला, नद्यांना उतार पडला, चिखल वाळला की फौजा हद्द ओलांडायच्या आणि मृगाच्या आत परत फिरायच्या. तुम्ही खानापूरच्या आहात. कणकुंबीचा पाऊस आणि भरलेली मलप्रभा पाहिली असेल, तर त्या चिखलातून तोफेचा गाडा कसा न्यायचा ते मी सांगायला नको.

म्हणजे वर्षातले चार महिने तुमचं सैन्य बसून खाणार, आणि राज्य टिकतं की बुडतं ते याच चार महिन्यांत ठरतं. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं एक पत्र आहे. कल्पित राज्य लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं. आशय असा : पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळलीत, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचं धान्य, भाकरी, गवत, लाकूडफाटा, भाजी ओढून आणाल. मग जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील, आणि त्यांना वाटेल की मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट. त्याच पत्रात रात्री दिवा जळता ठेवू नका, अशीही ताकीद आहे. उंदीर पेटती वात उचलून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल म्हणून.

इतक्या मोठ्या राजाची नजर उंदराच्या तोंडातल्या वातीवर होती. तुमच्या राजाची नजर कुठं आहे, ते आधी ठरवा.

दुसरी गोष्ट शेतीची. फौज गेली की मागं बेचिराख गाव उरतं. ते पुन्हा बसवायला सरकार कौल द्यायचं : परत या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, पुढं वर्षावर्षाला वाढवत नेऊ. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. तुमच्या सीमेवरचं एखादं गाव ३०० वर्षांत सात वेळा उठलं आणि आठ वेळा बसलं, असं दाखवा. आठव्या वेळी कौल घेणारा म्हातारा तो कागद कसा हातात घेतो, एवढं एक दृश्य लिहिलंत तर लढाईच्या दहा प्रकरणांचं काम होईल.

निपाणीहून एक वाचक : माझा किल्ला अभेद्य आहे, पण वाचणाऱ्यांना तो खोटा वाटतो.

कारण तो कधीच पडलेला नाही. एकदा बेळगावच्या किल्ल्यात सावकाश फिरा. १२०४ च्या सुमाराला रट्टांच्या बिचिराजानं तो बांधला, आतलं जैन मंदिर, कमल बसदीही त्याच काळातली. १४७२-७३ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानानं वेढा घातला, तेव्हा खंदक बुजवले आणि तटाखाली सुरुंग लावून दारूनं तट उडवला. दख्खनमध्ये दारूचा असा वापर तेव्हा नवा होता. आतले लोक जुन्या पद्धतीच्या वेढ्याला तयार होते, आणि त्यांच्या पायाखालची जमीनच फुटली. पुढं आदिलशाहीत त्यांचा सरदार असदखान लारी इथं आला. १८१८ मध्ये मन्रोनं किल्ला इंग्रजांसाठी घेतला.

आत सफा मशीद आहे. तिच्या दोन खांबांवर नागरी लिपीत कोरलेले कानडी लेख आहेत, एक रट्टांच्या काळचा आणि एक यादवांच्या. भाषा कानडी, लिपी नागरी, खांब मशिदीचा. तुमच्या किल्ल्यात असा एकच खांब उभा करा. तटाचा कुठला भाग वेगळ्या दगडाचा आहे आणि ते भगदाड कधी पडलं, हे किल्ल्यातल्या लहान पोरालाही माहीत असू द्या. मग किल्ला खरा वाटेल.

बैलहोंगलहून एक शिक्षिका : माझी नायिका छोट्या संस्थानाची राणी आहे. बलाढ्य शेजाऱ्याशी तिचं युद्ध कशावरून पेटावं ते सुचत नाही. भविष्यवाणी, हरवलेली तलवार, सगळं करून पाहिलं.

बाई, तुमच्या तालुक्यातच बेलवडी आहे!

दक्षिणेची मोहीम आटपून मराठी फौज १६७८ च्या सुमाराला या वाटेनं परतत होती. बेलवडीच्या देसाईणीनं तिला अडवलं आणि आपली लहानशी गढी जवळजवळ महिनाभर झुंजवली. मराठी बखर तिला सावित्रीबाई म्हणते. कानडी मुलखात ती मल्लम्मा आहे. बाई एकच, नावं दोन, आणि भांडणाची कारणंही दोन. मराठी बाजूनं सांगतात की तिच्या माणसांनी फौजेचे सामान वाहणारे बैल पळवले. कानडी बाजूनं सांगतात की फौजेच्या माणसांनी गावच्या गाई हाकून नेल्या.

पाहा, दोन्हींत गुरंच आहेत. तलवारही नाही आणि भविष्यवाणीही नाही. बैल गेले तर फौजेचा दाणागोटा अडतो, गाई गेल्या तर गावातल्या पोरांचं दूध तुटतं. ज्याचं जनावर गेलं त्याच्या दृष्टीनं युद्ध न्यायाचंच आहे. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तुमच्या कादंबरीत दोन्ही कारणं येऊ द्या. एक राणीच्या गावातल्या गवळ्याच्या तोंडी, दुसरं शत्रूच्या छावणीतल्या बैल राखणाऱ्याच्या तोंडी. खरं कोणतं ते लेखिकेनं सांगू नये.

त्या कथेचा पुढचा भागही विसरू नका. गढी पडल्यावर मराठ्यांच्या सरदारानं तिच्याशी गैरवर्तन केलं. ते कळताच महाराजांनी आपल्याच त्या सरदाराला कडक शिक्षा केली आणि तिला मानानं वागवलं, असं दोन्हीकडं सांगतात. धारवाड जिल्ह्यातल्या यादवाडला शिवाजी महाराजांचं एक दगडी शिल्प आहे. ते मल्लम्मानंच करवून घेतलं, असं तिथले लोक मानतात. हरलेली राणी जिंकणाऱ्याचं शिल्प कोरवते, हे माझ्या मनातून जात नाही. तिनं ते कृतज्ञतेनं केलं असेल, की ‘या राजाशी मी लढले’ ही नोंद दगडावर राहावी म्हणून? तुमची नायिका काय करेल याचा विचार करा. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल, पण ते आल्याशिवाय शेवटचं प्रकरण लिहू नका.

अथणीहून : राज्यात जादू किती असावी?

जेवढी कोठाराला परवडेल तेवढी. मांत्रिकानं पाऊस पाडला तर तो कोणाच्या शिवारातून चोरला? तुम्ही अथणीचे आहात. खानापूरला धो धो कोसळताना तुमच्याकडं आभाळाकडं बघत बसणं काय असतं, ते तुम्हीच लिहू शकाल.

शहापूर, बेळगावहून : दोन राज्यांच्या दोन भाषा आहेत. सीमेवरची माणसं कोणती बोलतील?

दोन्ही, आणि दोन्ही आपल्या पद्धतीनं. बाजारात एकाच वाक्यात ‘ऊट आतेनरी’ (जेवण झालं का) आणि ‘बसा की जरा’ ऐकणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायला नको होता! अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द मराठीत कुठून आले ते बघा. घरातली थोरली बहीण, थोरला भाऊ आणि सुपारी कातरायचं हत्यार. ज्या भाषेशी वैर असतं तिच्याकडून कोणी थोरल्या बहिणीची हाक घेत नाही.

गावांची नावं ठेवतानाही हेच. एका राज्यात सगळी ‘वाडी’ आणि दुसऱ्यात सगळी ‘हट्टी’, असं वाटून टाकू नका. एका नदीच्या काठी दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. राजधानीतल्या कारकुनाला मात्र एकच भाषा येते, आणि त्याच्या चुकीच्या नोंदीवरून दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या खटला चालतो.

चिकोडीहून : माझे दोन्ही राजे शहाणे आहेत. मग तह का होत नाही? मलाच उत्तर सापडत नाही.

तुम्ही राजवाड्यात शोधताय म्हणून. ते देसायाच्या वाड्यात शोधा. सीमेवरच्या वतनदाराची किंमत दोन्ही दरबारांत असते, कारण तो उद्या पलीकडं जाऊ शकतो. सीमा शांत झाली की तो साधा सारा वसूल करणारा उरतो. सरंजामावर, म्हणजे फौजेसाठी नेमून दिलेल्या मुलखाच्या वसुलावर, घोडी बाळगणाऱ्या सरदाराचंही तेच. तह झाला की त्याला कोण विचारणार?

रयतेकडून बघितलं तर आणखी वेगळं दिसतं. काही गावांवर दुअमल असायचा, म्हणजे एका गावाच्या वसुलावर दोन सरकारांचा हक्क. मराठ्यांची चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, वर सरदेशमुखीचा दहावा. मूळ धनी आपला सारा सोडत नव्हताच. अशा गावातला पाटील दोन्ही शिक्के जपून ठेवतो आणि दारात घोडं कुणाचं उभं आहे ते बघून योग्य तो बाहेर काढतो. तुमच्या कथेचा नायक मी या पाटलाला केला असता.

आणि दोन मोठ्यांच्या मधल्या लहानाचं काय होतं, ते कित्तूरकडं बघून समजेल. मल्लसर्ज देसाई आधी टिपूच्या कैदेत होता, पुढं पेशव्यांनी पुण्यात अडकवून ठेवला. तो १८१६ मध्ये गेला. आठच वर्षांनी दत्तकाच्या वारसाचा वाद काढून इंग्रज कित्तूरच्या दारात उभे राहिले आणि त्याची राणी चन्नम्मा लढली. ऑक्टोबर १८२४ च्या पहिल्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला. तिसरा शत्रू आला तोवर पहिल्या दोघांना खंडणी भरून संस्थान थकलेलं होतं. तुमच्या राज्यातही असा तिसरा कुठंतरी वाट बघत असणार.

बेळगावहूनच, नाव न देता : मी काहीही लिहिलं तरी लोक विचारतात, हे सीमाप्रश्नावर आहे का? लिहायची भीती वाटते.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं आपल्या घरांतल्या जेवणाच्या ताटाभोवती बोललं गेलेलं आहे. ते तुमच्या लेखनात उतरणारच, आणि उतरू द्या. कुणी विचारलं तर हो म्हणा. मात्र एक पथ्य पाळा. पलीकडच्या राज्यातलं निदान एक माणूस असं लिहा, की तिकडच्या वाचकाला ते आपल्या आळीतलं वाटावं. हे पथ्य इतरांच्या समाधानासाठी नाही. त्याच्याशिवाय तुमची सीमा नुसती भिंत होईल, आणि भिंतीपाशी गोष्ट थांबते.

खानापूर तालुक्यातूनच एक नवा लेखक : सगळं ठरलंय, पण पहिलं पान कुठून सुरू करू?

तुमच्या गावच्या वेशीवर किंवा देवळामागं वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड असेल. नसेल तर शेजारच्या गावात नक्की असेल. त्याच्यासमोर बसा आणि खालून वर वाचा. सगळ्यात खाली झुंज, पुष्कळदा बाजूला गुरं कोरलेली. पूर्वी गुरं हाकून नेण्याच्या धाडी पडत, कानडी शिलालेखांत त्यांना ‘तुरुगोळ’ म्हटलंय. मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला असतो, आणि त्याच्यावर चंद्र-सूर्य.

माझ्या आजोळी असा एक दगड गोठ्याला टेकवलेला होता. खालची चौकट निम्मी जमिनीत गेलेली, वीराचं नाक झिजून सपाट झालेलं. आजी दर अमावास्येला त्याला तेल लावायची. बोटानं आधी गुरांना, मग माणसाला, आणि वर देवापर्यंत हात पुरला तर देवाला. मी लहानपणी विचारलं होतं, हा कोण? तिला नाव माहीत नव्हतं, कोणत्या राजाचा तेही माहीत नव्हतं. ती म्हणाली, “आपल्या वेशीवरनं गुरं चाललेली, हा आडवा आला.”

तुमचं पहिलं पान त्या संध्याकाळचं असू द्या. गुरं परतायची वेळ टळून गेली आहे आणि घंटांचा आवाज भलत्या दिशेनं येतोय. राजाचं नाव तिसऱ्या प्रकरणापर्यंत आलं नाही तरी चालेल.