ऑक्सिजन सेन्सर बदलूनही पी०१७१ परत येतो तेव्हा

प्रिय मित्रा,

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर नवा घालूनही पी०१७१ कोड परत आला, यात नवल नाही. तो कोड म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मिश्रण पातळ आहे हे जुना सेन्सर खरंच सांगत होता.

आता कोड पुसू नकोस. पुसलास की फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाची नोंद, जाते आणि ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) शिकलेला फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोल किती टक्के वाढवायचं-घटवायचं ती दुरुस्ती, तीही शून्यावर येते. आधी लिहून घे: कोड आला तेव्हा आरपीएम किती, लोड किती, कूलंट किती तापलेलं.

मग इंजिन पूर्ण तापू दे, एसी बंद ठेव. स्कॅनरवर आयडलिंगला शॉर्ट (तात्कालिक) आणि लाँग (शिकलेल्या) ट्रिमची बेरीज कर, २५०० आरपीएमवर धरून पुन्हा कर. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर चालतं. आयडलिंगला अधिक २२ आणि २५०० ला अधिक ४ दिसलं, तर हवा मोजणाऱ्या एअरफ्लो (मॅफ) सेन्सरला चुकवून न मोजलेली हवा आत शिरते आहे. भोक तेवढंच असतं, पण आयडलिंगला इंजिन मुळात थोडी हवा ओढतं, म्हणून चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. आधी पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत नेणारा) होज बघ, खालच्या बाजूने हात फिरवून. चीर बहुधा तिथेच लपते. नंतर ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, एअरफ्लो सेन्सरपुढचा रबरी डक्ट. एकेक होज दाबून धर, ट्रिम उतरतो का पाहा. कार्ब क्लीनर फवारून शोधतात खरं, पण तापलेल्या एक्झॉस्टवर तो पेट घेतो. स्मोक मशीन मिळालं तर तेच बरं.

फक्त मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेल्या इंजिनात मात्र ही खूण फारशी दिसत नाही. तिथे हवा शिरली की आयडलिंग चढतं.

उलट, आयडलिंगला ठीक आणि चढावर ट्रिम वाढतोय, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअरफ्लो सेन्सर मळलाय. लक्षणं सारखीच, म्हणून प्रेशर गेज लावून लोडखाली बघ. दाब कंपनीच्या आकड्याखाली घसरला तर फिल्टर किंवा पंप. पण पंप उतरवण्याआधी तो चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोज. बॅटरीपेक्षा बरंच कमी आलं तर रिले, वायरिंग आणि अर्थ तपास. दाब टिकला तर एअरफ्लो सेन्सर मॅफ क्लीनरने धू, तारेला बोट न लावता.

सोबत मिसफायरचा (सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटल्याचा) कोड असेल तर आधी तो निपट. न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ भासतं. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट गळत असला तरी तेच.

दोन्ही बेरजा आणि फ्रीझ फ्रेम लिहून पाठव, मग पुढचं बघू.