एकच साधन, तीन प्लॅटफॉर्म: डॉक्युमेंटेशन एकत्र ठेवावे की वेगळे?

आपल्या कमांड-लाइन (आज्ञा टाइप करून चालवायच्या) साधनाची विंडोज, मॅकओएस आणि लिनक्ससाठी तीन स्वतंत्र माहितीपाने आहेत, सात-आठ जण ती मिळून सांभाळतात, आणि आता तिन्ही पानांतला मजकूर एकमेकांशी जुळेनासा झाला आहे. अशा वेळी पाने एकत्र करावीत की प्रत्येक पानाला वेगळा जबाबदार सदस्य नेमावा, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की पाने एकत्र करावीत आणि जबाबदारी मात्र प्लॅटफॉर्मनिहाय वाटून द्यावी.

तीन प्रती ठेवल्या की काय होते ते पाहा. साधनात नवा पर्याय आला की तो लिहिणारा सदस्य स्वतःच्या संगणकावर जी प्रणाली आहे तिचे पान सुधारतो आणि उरलेली दोन पुढे कधीतरी करायची म्हणून राहतात. रिव्ह्यू करणाऱ्यासमोर, म्हणजे बदल तपासून संमती देणाऱ्यासमोर, तेवढे एकच पान येते, त्यामुळे तोही संमती देतो. असे काही महिने गेले की दोन पानांत दिसणारा फरक प्लॅटफॉर्ममुळे पडलेला खरा फरक आहे, की केवळ सुधारायचा राहून गेलेला मजकूर आहे, हे जुन्या सदस्यांनाही सांगता येत नाही. माझ्या मते खरे नुकसान हेच आहे. म्हणून सामाईक मजकूर एकदाच लिहावा आणि जिथे वर्तन खरोखर वेगळे आहे तेवढ्याच जागी प्लॅटफॉर्मचे नाव घेऊन वेगळा परिच्छेद किंवा टॅब द्यावा. असंख्य स्वयंसेवकांच्या हातांनी चालणाऱ्या, आज्ञांची छोटी उदाहरणे देणाऱ्या टीएलडीआर पेजेस या प्रकल्पाची मांडणी याच विचाराची आहे: एकाहून अधिक प्लॅटफॉर्मवर सारखी चालणारी आज्ञा ‘कॉमन’ या फोल्डरमध्ये जाते, आणि वेगळेपण असेल तरच लिनक्स, विंडोज वगैरे फोल्डरमध्ये तिचे स्वतंत्र पान होते.

मात्र नुसते ‘विंडोज’ असे शीर्षक देऊन भागत नाही. कर्ल या, इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याच्या आज्ञेचेच उदाहरण घ्या. 2018 पासून विंडोज 10 मध्ये खरे कर्ल येते आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ते अपेक्षेप्रमाणे चालते. पण तीच ओळ विंडोज पॉवरशेल 5.1 मध्ये चिकटवली तर तिथे ‘कर्ल’ हे इन्व्होक-वेबरिक्वेस्ट या वेगळ्याच आज्ञेचे टोपणनाव असल्यामुळे पर्याय ओळखलेच जात नाहीत आणि वाचकाला त्रुटीचा संदेश मिळतो. पॉवरशेलच्या 6 व्या आवृत्तीपासून हे टोपणनाव काढून टाकले आहे. तेव्हा पानावर ‘कर्ल डॉट ईएक्सई’ असे पूर्ण नाव लिहावे आणि ओळ कोणत्या शेलसाठी, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या कोणत्या प्रोग्रामसाठी, आहे तेही सांगावे. मॅकचीही हीच गत आहे. 2019 च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून नव्या खात्यांचा मूळ शेल बॅशऐवजी झेडशेल झाला, त्यामुळे बॅशच्या प्रोफाइल फाइलमध्ये पाथ (आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी) जोडण्याची जुनी सूचना तिथे निष्फळ ठरते. होमब्रू हे साधने बसवून देणारे साधन इंटेल मॅकवर एका ठिकाणी बसते आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर (अ‍ॅपल सिलिकॉन) दुसऱ्याच. आणि सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेचा फाइल जागीच बदलण्याचा पर्याय लिनक्सवर नुसता चालतो, मॅकवर मात्र त्यापुढे बॅकअप फाइलच्या नावाचा प्रत्यय, निदान रिकामा तरी, द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक वेगळ्या परिच्छेदाखाली कोणत्या प्रणालीवर, कोणत्या शेलमध्ये, साधनाच्या कोणत्या आवृत्तीवर आणि केव्हा पडताळले, ही एक ओळ सक्तीची करावी. ज्याच्याकडे ते यंत्र नाही त्याने अंदाजाने न लिहिता ‘अद्याप पडताळलेले नाही’ असे नोंदवावे. अशी नोंद दिसली की वाचक सावधपणे पुढे जातो, आणि पुष्कळदा तोच पडताळणी करून पाठवतो.

डॉक्युमेंटेशन कोडच्याच रिपॉझिटरीत (गिटने सांभाळलेल्या फाइलींच्या साठ्यात) ठेवावे, म्हणजे वर्तन बदलणारी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घेण्याची विनंती, मजकुरातला बदलही सोबत आणते. विकी लिहायला सोपी आहे हे मान्य, परंतु तिथले बदल आवृत्तीशी बांधलेले राहत नाहीत. रिपॉझिटरीत आल्यावर काही नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावेत. फाइलींची नावे छोट्या (लोअरकेस) रोमन अक्षरांत आणि हायफन वापरूनच द्यावीत, कारण विंडोज आणि मॅक सहसा छोट्या-मोठ्या अक्षरांत भेद करत नाहीत, लिनक्स करते. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर नीट दिसणारे चित्र लिनक्स सर्व्हरवर पाने तयार होताना हरवते ते यामुळेच. नावात विसर्गचिन्हासारखे दोन टिंबांचे कोलन किंवा ‘ऑक्स’, ‘कॉन’ अशी विंडोजने राखून ठेवलेली नावे नकोत, नाहीतर विंडोजवर रिपॉझिटरी नीट उतरतच नाही. ओळींच्या शेवटी येणाऱ्या अदृश्य चिन्हांचा नियम (विंडोज आणि लिनक्सवर ती वेगळी असतात) गिटच्या गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये लिहून ठेवावा. तो नसेल तर एक शब्द बदलला तरी कधीकधी सगळी फाइल बदललेली दिसते आणि खरा बदल रिव्ह्यूत सापडत नाही. शिवाय प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे. ब्रायन कर्निहॅन यांनी 1974 मध्ये युनिक्सवर मजकूर तयार करणाऱ्यांना हाच सल्ला दिला होता, आणि दोघांनी एकाच परिच्छेदात केलेल्या सुधारणा एकत्र (मर्ज) करताना त्याचे मोल आजही कळते.

स्थापनेच्या आज्ञा तिन्ही प्रणालींच्या सीआय यंत्रांवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रांवर) नियमित चालवून पाहता येतात, लिंकही तपासता येतात; तेवढे यंत्रावर सोपवावे. स्पष्टीकरण अचूक आणि समजण्याजोगे आहे का, हे मात्र माणसानेच वाचून ठरवायचे असते. त्यासाठी प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी दोन पडताळणारे असावेत आणि त्यांची नावे रिपॉझिटरीतल्या कोडओनर्स या, कोणत्या फाइलला कोण जबाबदार ते सांगणाऱ्या फाइलमध्ये असावीत, म्हणजे त्या पानाच्या फाइलला हात लागताच रिव्ह्यूची विनंती आपोआप त्या सगळ्यांकडे जाते. एखाद्या प्लॅटफॉर्मसाठी कोणीच मिळत नसेल, तर तो समर्थित आहे असे पानावर म्हणू नये.

एकत्रीकरण एका दमात करू नका. स्थापनेच्या पानापासून सुरुवात करा, कारण खरे फरक सर्वाधिक तिथेच असतात. तिन्ही प्रती शेजारी ठेवून प्रत्येक फरकाचे कारण विचारा, आणि ज्याचे कारण कोणालाच सांगता येत नाही तो प्रत्यक्ष यंत्रावर तपासून मगच ठेवा किंवा काढा. ते पान प्रसिद्ध झाले की तिन्ही जुने पत्ते नव्या पानातल्या नेमक्या विभागांकडे वळवा, आणि त्यानंतरच पुढचे पान हातात घ्या.