चार-पाच वाद्यं वाजवता येतात, पण एकातही निष्णात नाही. यातून करिअर होईल का?

होईल. मात्र त्यातलं एक वाद्य इतकं पक्कं करा की लोक त्यासाठी तुम्हाला खास बोलावतील. बाकीची वाद्यं प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे गाणं रेकॉर्ड करून तयार करण्यात, कामी येतात. अमेरिकन गायक-संगीतकार प्रिन्सने १९७८ साली आलेल्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये जवळजवळ सगळी वाद्यं स्वतःच वाजवली होती आणि निर्माताही तोच होता.

बहुवादकाचं खरं बळ मला अरेंजमेंटमध्ये, म्हणजे कोणतं वाद्य कधी काय वाजवेल हे ठरवण्यात, दिसतं. बेस गिटार आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दोन्ही साधारण ६० ते १०० हर्ट्झच्या खर्जाच्या पट्ट्यात एकमेकांवर चढतात. दोन्ही वाजवलेला माणूस मिक्सपर्यंत, म्हणजे शेवटी सगळे आवाज जुळवण्यापर्यंत, थांबत नाही. बेसचा स्वर कुठे सोडायचा हे तो वाजवतानाच ठरवतो. एकट्याने ट्रॅक रचताना आधी क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर) ताल आणि बेस बसवा, नाहीतर वरचं सगळं डगमगतं.

पैसा एका वाटेने येत नाही. कार्यक्रम, सेशन (इतरांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणं), मिक्सिंग, रॉयल्टी, शिकवणी असं मिळून घर चालतं. रॉयल्टीसाठी रचनेतला कोणाचा किती वाटा हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच लिहून घ्या.

वस्तीतल्या मुलांना किंवा ज्येष्ठांना संगीत शिकवण्याचं काम उरलेल्या वेळेत उरकण्यासारखं नाही, ते मला फार मोलाचं वाटतं. तिथे तुमची अनेक वाद्यं सोन्यासारखी ठरतात, कारण ज्याला तार जमत नाही त्याच्या हाती लगेच तालवाद्य देता येतं. नवख्याला दोनच स्वरांचा भाग द्या, पण तो गाण्यात खरोखर ऐकू आला पाहिजे. पहिल्याच दिवशी रेकॉर्ड करून त्याला ऐकवा.