वाचकांचे प्रश्न : दिवाळीच्या पाहुण्यांसाठी चीज आणि फळं

प्रश्न : दिवाळीत दहाजण जेवायला येणार आहेत. जेवणाआधी तळणीऐवजी चीज आणि फळं मांडायची आहेत. गेल्या वर्षी चीजला तेल सुटलं आणि बिस्किटं मऊ पडली. काय चुकलं? चीज किती आणि कोणतं आणू? (पुणे)

उत्तर : पुढे जेवण आहे, तेव्हा माणशी ४० ग्रॅम चीज पुष्कळ झालं. दहाजणांसाठी मुरलेलं चेडार १५० ग्रॅम, गौडा १५० ग्रॅम आणि ब्री या मऊ चीजची १२५ ग्रॅमची एक चकती आणा. सहा-सात प्रकारांचा सोस नको. प्रत्येकाचे दोन-दोन तुकडे उरतात आणि एकाचा वास दुसऱ्याला लागतो.

तेल सुटलं ते उकाड्यामुळे. खोलीचं तापमान तिशीला टेकलं की चीजमधलं बरंचसं लोणी पातळ होऊन वर येतं. ‘तासभर आधी बाहेर काढा’ हा सल्ला थंड हवेच्या देशांतला. आपल्या दिवाणखान्यात वीस मिनिटं पुरतात. चीज फ्रिजमधून काढल्या काढल्या, गार असतानाच कापा. चेडारचे चौकोन पाडण्यापेक्षा सुरीच्या टोकाने खडे मोडा, गौड्याच्या पातळ त्रिकोणी चकत्या करा. ब्री अख्खी ठेवा, पण एक फोड आधीच कापून बाजूला सरकवा, नाहीतर पहिला हात कोणी लावत नाही. प्रत्येक चीजला वेगळी सुरी हवी.

संगमरवरी पोळपाट असेल तर तो दोन तास फ्रिजमध्ये ठेवून त्यावरच मांडा, बराच वेळ गारवा धरतो. लाकडी पोळपाट मात्र टाळा, त्याला पिठाचा आणि तेलाचा वास असतो. निम्मंच चीज आधी मांडा, उरलेलं फ्रिजमधून मागाहून आणा. पंखा थेट वर नको, कापलेल्या कडा वाळून भेगाळतात.

बिस्किटं मऊ पडतात ती ओल्या फळांना टेकल्यामुळे. आधी वाट्या ठेवा : एकीत डाळिंबाचे दाणे, एकीत मध, एकीत आवळ्याचा मोरावळा (चेडारबरोबर हा फार जमतो). मग चीज, त्यामधल्या जागेत भाजलेले बदाम, अक्रोड आणि सुके अंजीर. फळं त्यानंतर, आणि बिस्किटं सर्वांत शेवटी, पाहुणे बसल्यावर. पन्नासेक बिस्किटं लागतील. साध्या खाकऱ्याचे तुकडेही उत्तम, मेथी-मसाल्याचा नको.

प्रश्न : फराळाचे पदार्थ त्यातच ठेवले तर? (ठाणे)

उत्तर : खारे शंकरपाळे जरूर ठेवा, बिस्किटाचं काम चोख करतात. चकलीचं तिखट ब्रीला गिळून टाकतं, ती चेडारच्या बाजूला चालेल. चिवडा नकोच. त्यातले पोहे मऊ चीजला चिकटतात आणि अर्ध्या तासात सगळा पाट उष्टावल्यासारखा दिसतो.

प्रश्न : या दिवसांत कोणती फळं घ्यावी? सफरचंद कापलं की काळं पडतं, आणि लिंबू लावलं तर आंबट लागतं. (नाशिक)

उत्तर : तुमच्याकडची द्राक्षं खरी जानेवारीनंतरची, दिवाळीत दुकानात दिसतात ती बहुधा परदेशी आणि महाग. हंगाम आहे तो सफरचंद, नासपती, पेरू, डाळिंब आणि सीताफळाचा. दहाजणांना दोन सफरचंदं, दोन नासपती, दोन पेरू आणि एक डाळिंब बस्स.

सफरचंदाला लिंबाऐवजी मीठ वापरा. एक कप गार पाण्यात अर्धा चमचा मीठ, त्यात फोडी पाच मिनिटं, मग साध्या पाण्यातून काढून फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. कोरडं करणं टाळलं तर बाकीची मेहनत वाया. नासपती देठाजवळ दाबून पाहा : तिथे किंचित दबली की तयार. पोट मऊ होईपर्यंत थांबलात तर आतून पिठूळ निघते. पेरू करकरीत घ्या, बियांचा गर काढा आणि ब्रीपासून लांब ठेवा, त्याचा वास वरचढ होतो. सीताफळ इथे जमत नाही. बिया काढायच्या कुठे आणि हात पुसायचे कशाला, यातच पाहुणा अडकतो.

प्रश्न : सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि नणंदेला दिवस गेले आहेत. त्यांना यातलं काय चालेल? (सांगली)

उत्तर : काही चिजांचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेट या पाचक द्रव्याने विरजतात. अस्सल पार्मिजानो रेज्जानो या कडक इटालियन चीजमध्ये तेच वापरतात, म्हणून सासूबाईंसाठी ते नको. बाकीच्यांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका आणि ‘मायक्रोबियल रेनेट’ हे शब्द पाहून घ्या. नणंदेला ब्री, कॅमेंबेर आणि निळ्या बुरशीचं मऊ चीज देऊ नका, पाश्चराइज्ड असलं तरी. त्यांत लिस्टेरिया नावाचे जंतू वाढण्याचा धोका असतो. पाश्चराइज्ड दुधाचं चेडार आणि गौडा चालतं, फक्त त्यांची सुरी ब्रीला लावलेली नसावी. फळं सालीसकट नीट धुऊन मगच कापा.

आणि दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेली ब्री कोणीच खाऊ नये, ती टाकून द्या.